गेल्या वर्षीचे आकडे

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा प्रशिक्षक ओरिन पॅजेट बाकावरून पुढे झुकला आणि हाताचा द्रोण करून कानामागे धरला. मैदानात त्याचा कॅप्टन क्लेमेंट व्हॉस रांगेच्या मागे वाकून आकडे ओरडत होता.

"सात! एकोणीस! चार!"

चेंडू मागे आला. डावीकडून तिघेजण एकमेकांचे कमरपट्टे घट्ट धरून समोरच्यांवर कोसळले आणि माणसांचा तो सगळा ढीग चिखलातून चार पावलं पुढे सरकला. मैदानाभोवतीच्या दोराबाहेर उभ्या असलेल्या गावकऱ्यांनी टोप्या उडवल्या. पॅजेटने टाळी वाजवली नाही. सात, एकोणीस, चार हे आकडे या हंगामात नव्हतेच.

दर उन्हाळ्याच्या शेवटी तो आकडे बदलत असे. कुठल्या आकड्याला चेंडू कुणी घ्यायचा आणि कुठून घुसायचं, हे पोरांकडून रोज संध्याकाळी घोटून घ्यायचा. जुने आकडे डोक्यातून पुसून टाका, म्हणून ओरडायचा. क्लेम आता जे ओरडत होता ते पुसलेले आकडे होते.

थोड्या वेळापूर्वी अशाच एका ढिगाखालून क्लेम सगळ्यात शेवटी उठला होता. तेव्हा पॅजेटला काही वेगळं वाटलं नव्हतं. पोरांनी सप्टेंबरपासून केस वाढवले होते. डोक्याला तेवढंच काय ते संरक्षण. क्लेमने ते कपाळावरचे केस मागे सारले, हसला, आणि समोरच्या कॉलेजच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मधल्या फळीतल्या फिनीने त्याच्या खांद्याला धरून त्याला वळवलं. लोक खो खो हसले. पॅजेटही हसला होता.

आता त्याने फिनीकडे पाहिलं. चार वर्षं खेळलेला तो दांडगा आयरिश पोरगा मान किंचित वळवून नव्या मुलांना काहीतरी पुटपुटत होता. काय पुटपुटत होता ते पॅजेटला इथूनही कळलं. गेल्या वर्षीचं आहे. उजवीकडून घुसा. म्हणजे पोरांना ठाऊक होतं. पोरं सांभाळून घेत होती, आणि गंमत अशी की दुपारभर अडलेला खेळ आता कुठे सुटला होता. समोरच्यांना काही उमजेना. गोलरेषा हाकेवर आली होती.

फिनीची आणि त्याची एकदा नजरानजर झाली. फिनीने मान खाली घातली.

"ओरिन!" मागून केसाळ कोटातले बर्डसॉल गरजले. ते कॉलेजचे जुने विद्यार्थी आणि खेळाच्या समितीचे अध्यक्ष. "पोरगं बघ काय खेळतंय! डोकं फुटलं तरी हटत नाही. अगदी तू रे! ब्याण्णव सालचा तू!"

पॅजेटने मान हलवली. अठराशे ब्याण्णवच्या त्या सामन्याचा विषय निघाला की तो मान हलवायचा. थँक्सगिव्हिंगच्या सणाला होणाऱ्या अशाच सामन्यात, कानातून रक्त येत असताना, चेंडू काखेत मारून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला होता. गावात ते सगळ्यांना पाठ होतं. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, मेजवान्यांमध्ये ते सांगितलं जाई. आग्रह झाला तर तोही सांगे, आणि चांगलं सांगे. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा हे त्याने इतरांकडून ऐकून शिकून घेतलं होतं.

त्याला स्वतःला आठवायची ती फक्त सकाळी बुटाची आवळलेली नाडी. त्यानंतर एकदम आईचा हात आणि कपाळावरचं ओलं फडकं. मधे काही नाही. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी दुपार सगळ्या गावाने पाहिली होती, एक तो सोडून. पुढे मग डोकेदुखी सुरू झाली, उन्हाच्या खिडकीकडे पाठ करून बसायची सवय लागली, ओळखीची नावं ऐन वेळी जिभेवर येईनाशी झाली. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

"अकरा! तीन! सात!" मैदानातून आवाज आला. तेही जुनेच आकडे.

बाकावर बसलेल्या माणसाने मैदानात एक शब्द टाकायचा नाही, पाऊल तर नाहीच, असा नियम होता. एकदा बाहेर पडलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकत नव्हता. आणि कुणाला बाहेर काढायचं ते आजवर कॅप्टनच ठरवत आला होता. तो कॅप्टन आज गेल्या वर्षात होता.

पॅजेट उठला आणि चुन्याची रेषा ओलांडून आत गेला.

पंच धावत आला. "पॅजेट, मागे व्हा. दंड बसेल तुम्हाला."

"बसू दे. माझ्या पोराच्या डोक्याला लागलंय."

पंचाने क्लेमला विचारलं, "काय रे, बरा आहेस ना?"

"एकदम झकास," क्लेम म्हणाला. मग त्याने पॅजेटकडे पाहिलं. "सर, तुम्ही आत काय करताय? जा ना बाहेर! आपला चेंडू मागे नेतील."

"एक सांग, मग जातो. अकरा-तीन-सातला चेंडू कोण घेतं?"

"हॉलिस. अजून कोण?"

हॉलिस जूनमध्ये पदवी घेऊन टोलेडो शहरात नोकरीला गेला होता. फिनी बोटाने स्वेटरवरचा चिखल खरवडत राहिला.

"चल," पॅजेट म्हणाला.

"नाही."

"चल, बाळा."

क्लेमने त्याचा हात झटकला, मग छातीवर ठोसा मारला. पॅजेटने तो खाल्ला आणि त्याचा स्वेटर मानेपाशी धरून त्याला चालवत बाहेर आणलं. लोकांमधून आधी नुसता गलका उठला आणि मग शिट्ट्या. "वेड लागलंय का तुला!" बर्डसॉल ओरडत होते. "दोन धडका! दोन धडका राहिल्या होत्या रे!"

दंड म्हणून चेंडू मागे नेला गेला. बदली आलेल्या मुलाच्या हातून तो दुसऱ्याच खेपेला सुटला. सामना गेला.

व्यायामशाळेच्या तळघरात वाफ होती, टर्पेंटाइनचा वास होता. पोरं कपडे बदलून आपापल्या घरच्या सणाच्या टर्कीकडे निघून गेली. डॉक्टरांनी क्लेमच्या बुबुळांपाशी काडी पेटवून पाहिली आणि म्हणाले, झोपू देऊ नका, बोलत ठेवा, दुसरं आपल्या हातात काही नाही. बर्डसॉल दारापर्यंतच आले. "सोमवारी समिती बसतेय, ओरिन," एवढं बोलून त्यांनी हातमोजे चढवले.

फिनी थांबला होता.

"सर," क्लेम म्हणाला, "जिंकलो का आपण?"

"हरलो."

"आणि मी? मी कुठे होतो?"

"मी तुला बाहेर काढलं."

क्लेमचा चेहरा लाल झाला. त्याने भिंतीवर मूठ आपटली आणि पॅजेटला त्याच्या आईवरून शिवी दिली. मग हळूहळू तो राग कुठेतरी वाहून गेला, आणि तो समोरच्या खुंट्यांकडे पाहत राहिला.

"सर," काही वेळाने तो म्हणाला, "जिंकलो का आपण?"

पुन्हा तेच उत्तर, पुन्हा तीच शिवी. मग आणखी एकदा. फिनीला ते बघवेना.

"सर, पाय मुरगळला म्हणून सांगा ना त्याला. नाहीतर माझं नाव घ्या. सारख्या सारख्या शिव्या कशाला खाताय?"

"जे झालं तेच सांगायचं."

"त्याच्या काही ध्यानात राहत नाही हो!"

"म्हणूनच." पॅजेटने फिनीचा कोट खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिला. "तू घरी जा, फिनी. तुझी आई ताट वाढून बसली असेल."

फिनी गेला. वरच्या अरुंद खिडक्यांमधला उजेड राखाडी झाला. पॅजेटने क्लेमचा चिखलाने भरलेला पाय आपल्या मांडीवर घेतला आणि बुटाची नाडी सोडू लागला. गाठ भिजून दगडासारखी झाली होती. मधूनमधून तो काहीबाही विचारत होता. कुत्र्याचं नाव, बहिणीचं नाव. क्लेम सांगत होता, कधी अडखळत होता. मग तो बराच वेळ गप्प बसला. पॅजेट पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिला.

प्रश्न आला नाही.

"तुम्ही मला बाहेर काढलंत," क्लेम म्हणाला.

पॅजेटची बोटं गाठीवर थांबली.

"हो."

"गोलरेषा समोर होती."

"होती."

"सगळ्यांच्या देखत काढलंत. माझ्या वडिलांच्या देखत. माझं शेवटचं वर्ष होतं, सर."

"हो."

क्लेमने त्याच्याकडे पाहिलं. नजर स्थिर होती, आणि तिच्यात दयामाया नव्हती.

"हे मी जन्मात विसरणार नाही."

"नको विसरूस," पॅजेट म्हणाला. तो मान खाली घालून पुन्हा नाडीशी झटू लागला. आता डोळ्यांपुढे सगळं अंधूक झालं होतं आणि गाठ काही केल्या दिसत नव्हती.