वरच्या फळीवरचा साखरेचा डबा

"डब्या रे डब्या, तुझं झाकण वाजू दे,
माझ्या गं दाराशी, कुणी पाहुणं येऊ दे..."

चहा टाकताना आई हे गुणगुणायची. तो आवाज अजून माझ्या पत्र्यात घुमतो. मित्रांनो, मी एक जुना साखरेचा डबा आहे.

पत्र्याचं काम करणाऱ्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं. झाकण असं घट्ट बसवलं की म्हणाला, "मुंगीलाही आत शिरायचं तर परवानगी काढावी लागेल!"

ज्या घरी मी आलो, तिथली आई शाळेचे गणवेश शिवायची. माप द्यायला येईल त्याला चहा ठरलेला. दिवसभर माझं झाकण वाजे. तिची लेक चोरून चमचा घालायला यायची, पण झाकण वाजून पकडली जायची. आई हसून म्हणायची, "मांजरीच्या गळ्यात घंटा, तसं या डब्याला झाकण!"

मग दिवस पालटले. लेक सासरी लांब गेली. बाबा वारले. आईची नजर अधू झाली, शिलाई मशीनवर चादर पडली. त्यातच तिला मधुमेह निघाला. लेकीने मला उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. "हे विष नजरेआडच बरं!"

विष! जन्मभर गोड म्हणवून घेतलं होतं, मित्रांनो. तो शब्द फार लागला.

वरून मला सगळं स्वयंपाकघर दिसे. संध्याकाळी फोन वाजे.

"आई, गोळी घेतलीस?"

"घेतली गं."

"आणि जेवलीस?"

"जेवले की, पोटभर."

गोळीचं खरं होतं. शेगडी मात्र थंडगार. कधी दोन बिस्किटं, कधी नुसतं पाणी. तपासणीत साखर कमी आली की लेक म्हणे, "शाब्बास, आई!" आई ओशाळं हसे. मी बघत राही. झाकण आतून वाजवता येत नाही ना!

एके दुपारी आई घामाने न्हाली. हात लटपटू लागले. तिने वर पाहिलं, थेट माझ्याकडे. स्टूल ओढून ती चढली. तिची बोटं मला लागली, आणि आम्ही दोघंही खाली आलो. माझं झाकण फरशीवर खणखणत गेलं. तो आवाज ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या.

आईला दवाखान्यात नेलं. घरात मी आणि मुंग्या. परवानगी कुणीच काढली नाही.

काही दिवसांनी लेक तिला घेऊन आली. वाकडं झालेलं झाकण सरळ करत म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, साखर वाढून म्हातारी माणसं दाखल होतात, तशीच उतरूनही होतात. गोळी पोटात गेली आणि अन्न नाही गेलं, की अशी उतरते. पण तू तर जेवत होतीस. मग ही गोळीच तुला जड जाते, असं सांगू त्यांना?"

पुन्हा साखर उतरली तर चमचाभर तोंडात टाकता यावी, म्हणून तिने मला खालच्या फळीवर ठेवलं, आईच्या हाताशी.

मित्रांनो, तुमच्या घरचं एकटं माणूस "जेवलो" म्हणालं, तर तेवढ्यावर फोन ठेवू नका. कधीतरी जाऊन त्याच्या शेजारी ताट मांडा.

आई बराच वेळ माझ्या झाकणावरून बोट फिरवत राहिली.

"गोळीला बोल लावू नकोस," ती हळूच म्हणाली. "जेवतच नव्हते गं मी. एकटीपुरतं रांधायला हातच उठत नाही."