उतरायला सवड

धाकटीने आरशाचा स्क्रू पुन्हा फिरवला. नळीतला हेलियम-निऑन वायू नारिंगी-गुलाबी झगझगत होता, पण समोरच्या भिंतीवर लाल ठिपका काही उमटेना. दुपारी विभागप्रमुख येणार होते. लेसर लागला नाही तर प्रयोगशाळेची ही खोली दुसऱ्या गटाला देईन, असं त्यांनी दोघी बहिणींना तोंडावर सांगितलं होतं.

तिने विजेचा प्रवाह आणखी वाढवला. नळी उजळली. भिंत कोरीच.

"अगं, किती पळवशील त्या अणूंना?" नळीच्या निर्वात पंपाजवळून ताई म्हणाली. "सकाळपासून वाढवतेच आहेस."

"जास्त अणू उत्तेजित, तर जास्त प्रकाश. साधी गोष्ट आहे."

"आणि खालची पातळी रिकामी कोण करणार, तुझे सासरे?"

धाकटीचा हात थबकला. हे तर तिला पाठ होतं. हेलियमची धडक बसून निऑनचा अणू वर चढतो. जवळून प्रकाशकण गेला की उतरतो आणि उतरताना तसाच, त्याच दिशेचा कण सोडतो. दोन आरशांमध्ये ये-जा करत असे कण वाढत जातात. पण उतरलेल्या अणूला नळीच्या भिंतीवर आपटून शांत व्हायला सवड लागते. इतक्या प्रवाहात तो अर्ध्या वाटेवरूनच पुन्हा उचलला जात होता. खालची पातळी तुंबली होती, आणि तिथे साचलेले अणू प्रकाशकण गिळून टाकत होते.

तिने प्रवाह कमी केला. नळी मंदावली. तिची बोटं पुन्हा प्रवाहाच्या बटणाकडे धावत होती.

"हात मागे!" ताई ओरडली.

धाकटीने आरशाचा स्क्रू केसभर फिरवला. भिंतीवर लाल ठिपका चटकन उमटला.

तेवढ्यात प्रमुख आत आले. त्यांचा विषय चुंबकांचा. "एवढासाच? वाढवा की जरा," म्हणत त्यांनी बटणाकडे हात नेला.

"हात लावू नका!" धाकटी ओरडली.

गेली खोली, तिला वाटलं.

"का?" प्रमुखांनी विचारलं.

उत्तरादाखल तिने स्वतःच प्रवाह वाढवला. नळी झगझगली, ठिपका विझला. कमी केला, ठिपका परतला.

प्रमुख वाकून पाहत राहिले. "पुन्हा करा," म्हणाले. आणि मग, "मीही करून बघू का?"

धाकटीने ताईकडे पाहिलं. "हळू फिरवायचं, सर," धाकटी म्हणाली, आणि मनावर दगड ठेवून बाजूला झाली.