श्वास धर

माप १ : ७.१

"श्वास धर," डॉक्टर लुसिमार म्हणाल्या. "हं. सोड आता."

रोझिवानेने सोडला. पडद्यावर तिच्या लिव्हरचं राखाडी चित्र होतं आणि त्या चित्रात आगपेटीएवढी एक चौकट. चौकटीत रंग भरत होते. निळा म्हणजे मऊ, तांबडा म्हणजे कडक. निळ्यात पिवळं मिसळलेलं तिला पडल्यापडल्या दिसलं. खाली आकडा उमटला, सात पूर्णांक एक.

वाढ, ती मनात म्हणाली. अजून वाढ.

अशी दहा मापं घ्यायची होती. मधला आकडा पाचच्या आत आला, तर तिच्या लिव्हरचा निम्म्याहून मोठा तुकडा कापून तिच्या भावाला बसवता येणार होता. सातच्या वर गेला, तर नाही. रेसिफेच्या या इस्पितळात येण्याआधीच घरात बाकीचं सगळं ठरून गेलं होतं.

माप २ : ७.४

दार करकरलं. दोना कितेरियाने, तिच्या आईने, डोकं आत घातलं.

"झालं का? चांगलं निघालं ना?"

"आजी, बाहेर थांबा. देणाऱ्याला आम्ही एकट्यालाच तपासतो, नियम आहे."

"मी काय परकी आहे? मीच घडवलीय तिला. आत काय काय आहे ते मला ठाऊक आहे."

"मग एवढं मशीन कशाला आणलं आम्ही? तुम्हीच आकडा सांगा, मी लिहून घेते."

"जिभेला धार आहे हो बाईच्या!" आई हसली आणि तिने दार लोटलं. ते पुरतं लागलं नाही. फटीतून तिचा आवाज येत राहिला. बाकावरच्या बायकांना ती सांगत होती, "माझी धाकटी. भावाला लिव्हर देतेय. एका शब्दाने नाही म्हणाली नाही."

खरंच होतं ते. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

फेब्रुवारीत तिच्या भावाला, जेनिवालला, रक्ताची उलटी झाली. ऊसपट्ट्यातल्या ओढ्यांत पोहून मोठ्या झालेल्या निम्म्या गावाला जो गोगलगायींच्या पाण्याचा आजार असतो, तोच त्यालाही होता, आणि त्यावर कावीळ. डॉक्टरांनी त्याचं नाव यादीत घातलं. यादी लांब आहे, म्हणाले, घरातलं कुणी देत असेल तर बघा. रक्त जुळलं ते रोझिवानेचं. त्याच संध्याकाळी आईने संत सेवेरिनोला नवस बोलून टाकला : मुलगा वाचला तर रोझिवाने लाकडाचं लिव्हर डोक्यावर घेऊन अनवाणी देवळात येईल. नवस आईचा, पाय लेकीचे. आमच्याकडे असंच चालतं. बोलणारा एक, फेडणारा दुसरा, आणि संतापाशी बोललेलं कुणाला मागे घेता येत नाही. नवसाचे लाकडी अवयव कोरणारा म्हातारा मात्र पेचात पडला. हात, पाय, डोकी, थानं, सगळं त्याने जन्मभर कोरलं होतं, लिव्हर कधीच नाही. शेवटी त्याने गाईच्या जिभेसारखं काहीतरी करून दिलं, आणि आईने ते पदार्थ झाकायच्या फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं.

माप ३ : बाद

"हललीस."

"माफ करा, डॉक्टरबाई."

"माफी कसली? श्वास घेणं काही गुन्हा नाही. फक्त मी सांगेन तेव्हा घे."

इस्पितळाची चिठ्ठी, वाक्य पहिलं : तपासणीपूर्वी सहा तास काहीही खाऊ नये.

वाक्य दुसरं : पोट भरलेले असल्यास यकृत आहे त्यापेक्षा कडक भासते.

आईला वाचता येत नाही. रोझिवानेने पहिलं वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवलं.

माप ४ : ७.३

आज सकाळी आई नंबराच्या रांगेत उभी असताना रोझिवाने "जरा जाऊन येते" म्हणाली आणि फाटकाबाहेरच्या गाडीवर गेली. मक्याचा कुस्कुस, त्यावर खारवलेलं मांस, दोन अंडी, मोठा पेला दुधाची कॉफी.

"हळू गं," गाडीवाली म्हणाली, "ताटाला काही पाय फुटत नाहीयेत."

तिने उभ्याउभ्या सगळं संपवलं. मग अजून एक ताट मागितलं. दुसऱ्याचे शेवटचे घास बोटाने ढकलावे लागले. नळावर तिने चुळा भरल्या, बोटाने दात घासले आणि रांगेत येऊन उपाशी माणसाचा चेहरा करून उभी राहिली.

ती एकतीस वर्षांची आहे. तोरितामा गावी जीन्सचे मागचे खिसे शिवते. एक भाड्याची खोली, एक शिलाई मशीन, खिडकीत ओव्याची कुंडी. का नाही द्यायचं, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. भाऊ वाईट नव्हता. लहानपणी ताप आला की खांद्यावरून दवाखान्यात न्यायचा. त्याने जगावं असं तिला वाटत होतं, आणि स्वतःला कापून घ्यायचं नव्हतं. दोन्ही गोष्टी तिच्यात शेजारणींसारख्या राहत होत्या, बोलणं बंद असलेल्या.

माप ५ : ७.२

डॉक्टर लुसिमार पडद्याकडे बघत राहिल्या. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर आणला.

"गंमत बघ. चित्र आणि आकडा भांडतायत."

"म्हणजे?"

"हे तुझं लिव्हर. कसं एकसारखं, बारीक पोताचं आहे बघ. कडा गुळगुळीत. तुझ्या भावाचं मीच बघितलंय. त्याच्या नसांभोवती पांढऱ्या नळ्या झाल्यात, चुना लिंपल्यासारख्या. इथे काही नाही. असं लिव्हर पिकल्या सीताफळासारखं दबायला हवं. आकडा म्हणतो, कच्चं आहे."

बाईंनी हातातला प्रोब बरगड्यांवरून डावीकडे सरकवला. गार जेलची रेघ पोटावर ओढली गेली.

"आणि हे कुणाचं गोदाम?"

"कुठे?"

"हे. तुझं जठर. तुडुंब भरलंय. कुस्कुस का?"

"तो पण दिसतो?"

"कुस्कुस नाही दिसत, पोरी. तुझ्या तोंडाला कॉफीचा वास येतोय, आणि फाटकावर ती एकच गाडी आहे."

माप ६ :

बाईंनी प्रोब उचलून हातातच धरला. आकड्याची जागा पडद्यावर रिकामी लुकलुकत होती.

"भूक अनावर झाली म्हणून खाल्लंस, तर काही बिघडलं नाही. गुरुवारी उपाशीपोटी ये, पुन्हा करू. गुरुवारी चार येईल. हे तुलाही माहीत आहे, मलाही."

गुरुवार. रोझिवानेला तो गुरुवार त्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिलेला दिसला. आणि गुरुवारच्या मागे टेबल, दिवे, सुरी.

फटीतून बाहेरचं ऐकू येत होतं. एक बाई आईला म्हणत होती, "बाहेर आली की मला तिचा हात धरू द्या हं. माझा नवरा आत आहे. अशा माणसाचा हात लागावा."

"धरा की," आई म्हणाली. "हिच्या हाताला गुण आहे."

डॉक्टर लुसिमार उठल्या, दार लावलं, कडी घातली, पुन्हा येऊन बसल्या.

"रोझिवाने, द्यायचंय का तुला?"

छताला पंखा फिरत होता. एक पातं बाकीच्यांपेक्षा काळं होतं. ती त्याचे फेरे मोजत राहिली.

"सोड," बाई म्हणाल्या. "मी धर म्हटलेलं नाही."

तेव्हा तिला कळलं की तिने श्वास धरून ठेवला होता. तो सुटला आणि त्याच्याबरोबरच शब्दही बाहेर पडला. "नाही."

"नीट सांग. मला लिहावं लागतं."

"नाही द्यायचं मला."

"बरं." त्यांनी कागदाने तिचं पोट पुसायला घेतलं, घरच्या माणसाचं पुसावं तसं, भराभर. "मी लिहिते, 'देण्यास योग्य नाही'. एवढंच. का नाही, ते आम्ही कुणाच्याच घरच्यांना सांगत नाही, तुझ्याही नाही. आणि हे खोटं नाही. ज्याला द्यायचं नाही तो योग्य नसतोच."

"जेनिवाल मरेल का?"

"यादीत आहे. मिळेल, किंवा नाही मिळणार. तुला हलकं वाटावं म्हणून मी काही बोलणार नाही."

माप ७, ८, ९, १० : घेतली नाहीत

बाहेर

आई उठून उभी राहिली. हात धरायला टपलेली बाईही उठली.

"काय म्हणाली?"

"नाही जमणार, आई."

"नाही जमणार म्हणजे? का?"

"कारण सांगत नाहीत ते."

"कुणाला सांगत नाहीत? मला? मी तुझी आई आहे. मशीनने काय दाखवलं?"

बाकावरचे सगळे चेहरे तिच्याकडे वळले होते. एवढंच म्हटलं की सुटले, असं तिला वाटलं, आणि ती म्हणाली, "आकडा जास्त आला."

ती ओरड्याला तयार होती. रडण्याला, शापालाही तयार होती. पण आईचा चेहरा हळूहळू वेगळाच झाला. असा चेहरा रोझिवानेने पाहिला होता, पण कधी तिच्याकडे वळलेला नाही. तो जेनिवालच्या खाटेपाशीच असायचा.

"जास्त," आई म्हणाली. "म्हणजे त्याच्यासारखा?"

"तसं नाही, आई."

"तूही त्याच ओढ्यात पोहायचीस. मीच सोडायचे. कपडे धुवायला न्यायचे तुम्हा दोघांना, आणि सोडून द्यायचे पाण्यात." ती मटकन बाकावर बसली. बायकांनी सरकून जागा केली. हात धरणार होती ती बाई एक पाऊल मागे झाली.

"आई, ऐक. मला काही झालेलं नाही."

"मग पोराला का नाही देता येत?"

रोझिवानेने तोंड उघडलं. दाराच्या काचेपलीकडे डॉक्टर लुसिमार पुढच्याला बोलावत होत्या. तिने तोंड मिटलं.

आईने फोन काढला होता. "जेनिवाल? नाही रे बाबा, तुझं ऑपरेशन राहिलं आता. रोझीचंही तसंच निघालं. हो. तिचंही." ऐकता ऐकता तिने फोन लेकीच्या कानाला लावला. "घे. तुझ्याशी बोलायचंय म्हणतो."

"ए खिसेवाली," जेनिवालचा आवाज आला, पातळ, लांबून बोलल्यासारखा. "घाबरू नको गं. मी सांगतो ना, सवय होते. माझं देऊ का तुला? थोडं वापरलेलं आहे, पण घरचं आहे." तो हसला, मग खोकला, खोकला थांबायची तिने वाट पाहिली. "ऐक. मी इथल्या डॉक्टरांना सांगतो, आधी माझ्या बहिणीला बघा. मी काय, यादीत आहेच. रोझी? आहेस ना?"

"आहे."

"रडू नको. आईपुढे तर अजिबात नको."

फोन बंद झाला. आईने तिला शेजारी बसवलं. "शिवण बंद आता. वाकून बसायचं नाही. घरीच राहायचं माझ्याजवळ." मग तिने आपला तळहात लेकीच्या उजव्या बरगडीखाली ठेवला आणि चार बोटांनी हलकेच दाबलं. ब्लाउज तिथे जेलने अजून ओला होता.

"इथे दुखतं?"

बाकावरच्या बायका श्वास रोखून ऐकत होत्या. दुखत नाही म्हटलं तर पुन्हा तपासणी, पुन्हा तो गुरुवार.

"थोडं," रोझिवाने म्हणाली.

"कधीपासून?" आईने विचारलं, आणि रोझिवाने एखादी तारीख शोधू लागली.