वरच्या ओठातला उजेड

नीलकंठराव बाकऱ्यांना जवळचं दिसत नव्हतं. ही गोष्ट सगळ्या जबलपुरात दोघांनाच ठाऊक होती, एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची बायको अंजनी. तिसरा देव, पण तो काही कारखान्यात चुगली करायला जाणार नव्हता.

लांबचं मात्र झकास दिसायचं. चेरीताल मोहल्ल्यातल्या घराच्या पायरीवर बसून गल्लीच्या पार त्या टोकाला कोण वळलं ते नावानिशी सांगत. पण ताटातला खडा दिसायचा नाही. आणि नशीब असं, की पोट चालायचं ते नेमकं जवळच्या कामावर. नीलकंठराव कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. लढाईच्या सामानाचे नकाशे काढायचे. केसाएवढ्या रेघा, मुंगीएवढे आकडे.

आता तुम्ही म्हणाल, मग चष्मा काहून नाही लावला? अहो, कसा लावणार! कारखान्यात नियम होता ना. चष्मा लागला की ड्रॉइंग ऑफिसातून उचलबांगडी, थेट स्टोअरमध्ये, खिळे आणि वॉशर मोजायला. नियम कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून तर तो पक्का. सहा वर्षांपूर्वी रत्नाकर साठे नवा चष्मा लावून आला होता आणि महिन्याच्या आत स्टोअरमध्ये गेला होता. सगळ्यांनी बघितलं होतं. त्या दिवसापासून ड्रॉइंग ऑफिसात एकाही माणसाची नजर बिघडली नाही.

नीलकंठरावांनी मग युक्ती काढली. सीनियर झाल्यापासून काढण्यापेक्षा दुसऱ्यांचे नकाशे तपासायचंच काम जास्त होतं; नकाशा तपासायला आला की तो हातात घ्यायचाच नाही. खुर्चीत मागं रेलायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "चलो, आकडे वाचा. बघू, तुमचं लक्ष आहे का." समोरचा घामाघूम होऊन वाचायचा. कान तयार होतेच. चूक बरोबर सापडायची. अशानं फार कडक माणूस म्हणून त्यांचा लौकिक झाला. हेड ड्राफ्ट्समन दिवाळीला रिटायर होणार होते, आणि अकरा वर्षं ज्या खुर्चीकडे बघत काढली ती खुर्ची आता नीलकंठरावांनाच मिळणार असं शिपायापर्यंत सगळे बोलून राहिले होते. ती मिळाली की दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा हक्कच झाला! तेवढी दिवाळी निघाली पाहिजे होती.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात ब्रह्मदेशच्या आघाडीवरून एक पत्र्याचा डबा आला. जपानी शिपायांच्या सामानात सापडलेला. आत तिळाएवढे पिवळट दाणे. तळहातावर घेऊन पाणी लावून चोळले की निळा उजेड पडायचा, आणि त्या उजेडात म्हणे जपानी लोक नकाशा वाचायचे. हेडक्लार्क मुरलीधरपंतांनी दप्तरात 'धान्य, परदेशी' अशी नोंद करून टाकली. मोठ्या साहेबाला काही ते पटलं नाही. त्यानं कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या गुणवंत सरांना बोलावलं. सरांनी एक दाणा भिंगाखाली धरला आणि म्हणाले, "हे धान्य नाही, जनावर आहे. समुद्रातलं. ऑस्ट्राकॉड म्हणतात. झिंग्या-खेकड्यांच्या भावकीतलं."

साहेब खूश. आतून कसं आहे, उजेड कुठून निघतो, सगळं त्याला कागदावर पाहिजे होतं. सरांना जनावर उघडता येत होतं, पण चित्र म्हटलं की सरांचा हत्तीसुद्धा वांग्यासारखा दिसायचा. साहेब म्हणाला, आमचा सगळ्यात तेज नजरेचा ड्राफ्ट्समन देतो.

तेज नजरेचा! घरी येऊन नीलकंठराव डोक्याला हात लावून बसले.

"तिळाएवढं जनावर, अंजनी! मला पोळी दिसत नाही, तीळ कुठून दिसणार? गेली खुर्ची."

"चष्मा घ्या म्हणून चार वर्षं सांगून राहिली मी."

"आणि स्टोअरमध्ये जाऊ?"

"मग जा आता समुद्रात," अंजनी म्हणाली.

कॉलेजात सरांनी दाणा भिजवला, दोन सुयांनी उघडला, काचेवर ठेवला आणि नीलकंठरावांना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. सगळं धुकं. त्यांनी जीव मुठीत धरून चाक फिरवलं, अजून थोडं फिरवलं, आणि एकाएकी सगळं स्वच्छ झालं. चार वर्षांत असं काही त्यांनी बघितलं नव्हतं. जनावर दोन शिंपांच्या मध्ये बसलेलं, डबीत ठेवल्यासारखं. शिंपांना पुढं एक खाच, तिच्यातून पोहायचे केसाळ हात बाहेर. मागं नखांची दुहेरी फणी. पाठीशी हृदय, मोहरीच्या टरफलाएवढंसुद्धा नसेल. सातवा पाय तर अजब, गांडुळासारखा लांब, टोकाला ब्रश. शिंपांच्या आतली झाडलोट करायला. आणि डोळे किती? दोन बाजूंना दोन, काळेभोर, आणि मध्ये तिसरा. नीलकंठरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"सर, दिसून राहिलं!"

"दिसणारच. त्याच्यासाठीच यंत्र आहे ते," सर म्हणाले. त्यांना काय कळणार!

उजेडाचंही कळलं. सरांनी भरदुपारी खिडक्या लावून घेतल्या आणि चिमूटभर दाणे ओले केले. उजेड ना डोळ्यांत होता ना पोटात. वरच्या ओठात बारीक पिशव्या होत्या. त्यांतला रस पाण्यात मिसळला की निळा उजेड. अंजनीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे नुसत्या तोंडानं उजेड पाडणारं जनावर! कारखान्यात कमी होते का?"

नीलकंठरावांनी मोठा कागद फळ्यावर उभा ठोकला आणि हातभर लांब उभं राहून बारा दिवसांत तो तीळ दोन हात मोठा काढला. लांबूनच काढायचा, त्यामुळे रेघ न रेघ दिसत होती. सवयीप्रमाणे यंत्राचा नकाशा असावा तसा काढला. बाजूनं, वरून, मधोमध कापून. जोडीच्या अवयवांना कारखान्याच्या रिवाजानं लिहिलं: डावा दाखवला आहे, उजवा त्याच्या उलट. सर म्हणाले असा ऑस्ट्राकॉड जगात कोणी काढला नसेल. ते खरंही असेल.

नकाशाबरोबर अवयवांची यादी साहेबाच्या ऑफिसात बारीक टाईपात उतरवली गेली. आणि मग मुरलीधरपंत एक दिवस टेबलाशी येऊन हसत म्हणाले, "बाकरेजी, सोमवारी दिल्लीचे दोन साहेब येऊन राहिले. मोठा साहेब सगळ्यांसमोर तुम्हाला कागद देईल, मोठ्यानं वाचायचा."

"कोणता कागद?"

"अरे भाई, तुमचाच कागद!"

तुमचाच म्हणजे यादीच. दुसरा कोणता कागद त्यांचा होता? बारीक टाईप, हातात धरून, दिल्लीच्या साहेबांपुढं! एकच उपाय होता. त्यांनी सरांकडून यादी ऐकली, पाटीवर बोटभर मोठ्या देवनागरी अक्षरांत उतरवली आणि पाठ करायला घेतली. अंजनी पाटी धरून बसे. इंग्रजी शब्द तिच्या जिभेवर अडखळत, पण परीक्षक ती कडक होती.

"सातवा पाय खाल्ला तुम्ही."

"कधी?"

"आत्ताच. सहाव्यावरून एकदम हृदयावर गेले. फिरून म्हणा."

रविवार संध्याकाळपर्यंत नीलकंठराव अख्खं जनावर न चुकता म्हणू लागले. अंजनीलाही पाठ झालं. भाकरी थापताना ती सातवा पाय गुणगुणत होती.

सोमवारी सगळं ड्रॉइंग ऑफिस उभं. भिंतीवर तो नकाशा. दिल्लीच्या साहेबांनी माना डोलावल्या. मोठ्या साहेबानं टेबलावरचा टाईप केलेला कागद उचलून नीलकंठरावांच्या हातात दिला आणि हसून म्हणाला, वाचा. नीलकंठरावांनी कागद धरला. राखाडी ओळी. घसा साफ केला आणि खणखणीत इंग्रजीत सुरू केलं.

"शिंप, डावी दाखवली आहे, नग एक. उजवी त्याच्या उलट, नग एक. डोळे बाजूचे, नग दोन. डोळा मधला, नग एक. वरचा ओठ, उजेडाच्या पिशव्यांसह..."

लांबचं त्यांना झकास दिसायचं, म्हणून त्यांना पार दाराशी उभे असलेले मुरलीधरपंत दिसले. पंतांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं आणि ते दोन्ही हातांनी नको, नको करत होते. नीलकंठरावांना वाटलं आवाज कमी पडतोय. त्यांनी चढवला. सातवा पाय तर असा म्हटला की अंजनीनं शाबासकी दिली असती.

हृदयाशी आले तेव्हा साहेबानं कागद हळूच काढून घेतला.

तो यादीचा कागद नव्हता. नीलकंठ बाकरे यांना दिवाळीपासून हेड ड्राफ्ट्समन नेमल्याचा हुकूम होता तो. त्यांचाच कागद.

दिल्लीवाले गेल्यावर साहेबानं विचारलं, चष्मा काहून नाही लावत? नीलकंठरावांनी खाली मान घालून नियम सांगितला. साहेबानं मुरलीधरपंतांकडे बघितलं. पंत म्हणाले, असा नियम कारखान्यात कधीच नव्हता. रत्नाकर साठ्यांनी स्वतः अर्ज करून बदली मागितली होती. स्टोअरमध्ये पंखा होता म्हणून.

पंखा! सहा वर्षं अख्खं ऑफिस एका पंख्याला भिऊन आंधळं झालं होतं. नीलकंठरावांना खो खो हसावंसं वाटलं आणि रडावंसंही. साहेब मात्र हसला नाही. चष्म्याचं काही नाही, तो म्हणाला, अर्ध्या लोकांना असतो. पण जो माणूस कागदावर नाही ते खणखणीत वाचून दाखवतो, त्याच्या सहीवर मी लोखंड कसं कापू?

आणि ते काही खोटं नव्हतं हो. तेच तर जिव्हारी लागलं.

पुढच्या सोमवारी नीलकंठराव स्टोअरमध्ये गेले. आता लपवायचं काय उरलं होतं? चष्मा घेतला. मुरलीधरपंत दप्तराचे फार पक्के; निघालेल्या हुकुमाची प्रत ज्याची त्याला पोचलीच पाहिजे, म्हणून तीही घरी आली. अंजनीनं पाकीट त्यांच्या हातात दिलं.

"वाचा की मोठ्यानं. मला काय इंग्रजी येतं?"

नीलकंठरावांनी चष्मा लावला. अक्षर न अक्षर उभं राहिलं.

"श्री. नीलकंठ बाकरे यांना," ते एकेक शब्द मराठी करत वाचू लागले, "त्यांच्या असामान्य नजरेबद्दल, हेड ड्राफ्ट्समनच्या जागी कायम नेमण्यात येत आहे."

अंजनीनं कागदावर बोट ठेवलं.

"आणि हा तांबडा शिक्का कशाचा? आडवा?"

"रद्द," नीलकंठराव म्हणाले.

"दिसून राहिलं ना नीट?"

"फार स्वच्छ."