उष्टं

"बाई, एका हातात बॅग, दुसऱ्याने नाक धरलेलं. मग कठडा कशाने धरणार?" खलाशाने विचारलं आणि शिडीवरचे मागचे सगळे हसले.

लिओनिलाने रुमाल काही खाली घेतला नाही. मनिलाच्या धक्क्यावरची हवा तिच्या घशापर्यंत पोचली होती. कुजलेली मासळी, डिझेल, मूत, कुठेतरी जळणारं प्लास्टिक. सिकिहोर बेटावर तिचा जन्म गेला होता. एवढा समुद्र ती पहिल्यांदाच ओलांडत होती, तोही एकटीने. तीस वर्षं तिने चर्चच्या पाद्रीबाबांचा स्वयंपाक सांभाळला होता. तिच्या घासलेल्या पातेल्यात बघून दाढी करता येईल, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ओट्यावर माशी बसली तरी तिला अन्न जात नसे.

तीनचाकीवाला वाटभर थुंकत होता. एकदा वाऱ्याने ती थुंकी तिच्या बाहीवर आणून टाकली.

"माफ करा हं, आज वारा जरा उलटा आहे," तो म्हणाला.

तिने बाही घासून घासून लाल केली. बाहेर एक माणूस गटाराच्या काठावर दात घासत होता आणि त्याच्या पायाशी मेलेली घूस फुगून पडली होती. त्याला त्याचं काहीच नव्हतं. या गर्दीतल्या एकालाही कशाची किळस येत नाही, याचीच तिला सगळ्यात जास्त किळस आली. माणसं की काय ही!

पण थोरल्या बहिणीला, कॉन्सोर्सियाला, घेतल्याशिवाय परतायचं नाही असं ती ठरवूनच निघाली होती. चाळीस वर्षांपूर्वी कॉन्सोर्सिया या शहरात आली ती आलीच. आई गेली तेव्हाही तिला पोचता आलं नव्हतं. आता घरात लिओनिला एकटी. संध्याकाळी दिवा लावला की घर खायला उठायचं.

कॉन्सोर्सियाची खोली नाल्यावर खांब रोवून उभी होती. फळ्यांच्या फटीतून खालचं काळं पाणी दिसे. दारात उभी असलेली म्हातारी आपली बहीण आहे हे लिओनिलाला तिच्या आवाजावरूनच कळलं.

"इंदाय! अगं धाकटे, केवढी जाडी झालीस! पाद्रीबाबांना उपाशी ठेवतेस की काय?"

"मानांग! ताई!" म्हणत लिओनिला तिच्या गळ्यात पडली. बहिणीच्या केसांना जुन्या तेलाचा खवट वास येत होता. तिने श्वास रोखला. कॉन्सोर्सियाने मिठी जरा लवकरच सोडवली.

जेवायला व्हिनेगर घालून शिजवलेली कोंबडी होती. प्रवासात लिओनिलाच्या पोटात काही गेलं नव्हतं. तिने दोनदा भात घेतला, बोटं चाटली. "हात अगदी आईचा आहे तुझा," ती म्हणाली. कॉन्सोर्सिया नुसतीच बघत बसली होती. जेवायचं नंतर बघू म्हणाली.

इतक्यात शेजारची बेबांग एक बादली घेऊन आत आली. "मानांग, आज हॉटेलवाल्यांनी चांगलं दिलंय. लग्न होतं म्हणे."

कॉन्सोर्सियाने बादली परातीत उलटी केली. अर्धवट खाल्लेल्या तंगड्या, दातांचे ठसे उमटलेले तुकडे, त्यांना चिकटलेले कागदी रुमाल, एक सिगारेटचं थोटूक. ती सराईतपणे एकेक तुकडा झटकून पाण्यात टाकू लागली.

"हे काय गं?"

"पागपाग. धुवायचं, उकळायचं, मसाला लावून तळायचं. सगळी गल्ली माझ्याकडून नेते."

लिओनिला धडपडत दाराबाहेर गेली. जेवलेलं सगळं नाल्यात पडलं. पलीकडच्या खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "अहो, मासे घाबरतील!" आणि हशा पिकला.

"लोकांचं उष्टं खायला घातलंस मला! मला! लाज नाही वाटली?"

कॉन्सोर्सियाने मान वर केली नाही. "तुझी कोंबडी मी सकाळी बाजारातून कापून आणली. तुला हे वाढीन मी?"

लिओनिला दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तोंडातली आंबट चव जाईना. ती म्हणाली, "हे सोड आता. गावी चल. दोघी राहू."

"येते की," कॉन्सोर्सिया म्हणाली. मग ओले, तेलकट, नखांत काळं बसलेले हात तिने बहिणीपुढे धरले. "तुझ्या चुलीला शिवू देशील? तुझ्या पातेल्यात रांधू देशील?"

"देईन" एवढंच म्हणायचं होतं. लिओनिलाची नजर त्या नखांवरून हलेना. शेवटी ती म्हणालीसुद्धा, "देईन. का नाही देणार?"

"बरं," कॉन्सोर्सिया म्हणाली आणि पुढचा तुकडा झटकायला घेतला.

आठवडाभर राहायला आलेली लिओनिला दुसऱ्याच दिवशीच्या जहाजाने निघाली. कॉन्सोर्सियाने तिला अडवलं नाही. तिची बॅग मात्र तिने हट्टाने स्वतःच्या डोक्यावर घेतली. कढई उतरवून तशीच आली होती. झग्यावर तेलाचे डाग, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला. "तिकीटवाल्यांनीच आत जायचं. घरचं माणूस असेल तर बाकापर्यंत सोडतो. ही तुमची कोण?"

रांगेतली माणसं वळून बघू लागली. एका बाईने आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं. लिओनिलाने तोंड उघडलं.

"कोणी नाही साहेब," कॉन्सोर्सिया चटकन म्हणाली. "सामान उचलायला आलेय मी."

"मग ठेव आणि हो बाजूला."

कॉन्सोर्सियाने फरशीवरची कोरडी जागा बघून बॅग खाली ठेवली. पट्टा चिखलात लोळत होता, तो उचलून वर घेतला. मग धक्क्यावरच्या हमालांसारखी, काम झालं तशी वळली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली.

"चला बाई, पुढे व्हा," पहारेकरी म्हणाला.

लिओनिलाने बॅग उचलली आणि ती पुढे झाली.