संबंध नसलेली बाई

“गोजाबाई रोहिदास बोराटे यांचा सदर बालिकेशी कोणताही कायदेशीर संबंध नाही,” असे बालकल्याण समितीच्या अध्यक्षांनी वाचून दाखवले, तेव्हा सदर बालिका, म्हणजे स्वरूपा, गोजाबाईच्या मनगटाला घट्ट धरून बसली होती. विधान निर्दोष होते. प्रसूती, दत्तकविधान, न्यायालयाचा हुकूम, यांतले गोजाबाईपाशी काहीच नव्हते. होते ते कांजिण्यांतले जागरण, पाढे, वेण्या, अंधाराची भीती घालवणे. आणि त्या साऱ्यास कायद्याने अद्याप नाव दिलेले नव्हते. ज्याला नाव नाही ते अस्तित्वातच नाही, हे मत तत्त्वज्ञांनी कधीच टाकून दिले. कार्यालयांनी ते भक्तिभावाने जपले आहे.

मोशीत गोजाबाईच्या भाड्याच्या खोल्यांतून चाकणच्या कंपन्यांत जाणारी जोडपी राहत. दोघांच्या शिफ्ट एकाच वेळी आल्या की मूल मालकिणीच्या ओसरीवर ठेवायचे, परतताना न्यायचे, अशी तिथली रीत. लातूरहून आलेल्या ओंकारची बायको दिव्या काविळीने गेली, तेव्हा त्याने तान्ही स्वरूपा ओसरीवर ठेवली आणि नाशिकची नोकरी धरली. रीतीचा पहिला अर्धा भाग त्याने चोख पाळला.

गोजाबाईचा अपराध असा, की ती प्रामाणिक होती. शाळेत तिने बापाचे नाव ओंकार सांगितले, आईचे दिव्या. मेलेल्या बाईचे नाव पुसायचे पाप कुणी करायचे, असे ती म्हणे. त्यामुळे आपणच वाढवलेल्या मुलीच्या आयुष्यात ती कागदोपत्री कुठेच नव्हती.

खोटे ती एकदाच बोलली. गेल्या श्रावणात स्वरूपाचे अपेंडिक्स फुटायच्या बेतात आले. ओंकारचा फोन लागेना. आईची सही हवी, असे डॉक्टर म्हणाले. पन्नाशीला टेकलेल्या त्या विधवेने सही केली आणि कुणी मान वर करून पाहिलेही नाही. आज तीच सही पुढे करून ओंकारने तोतयेगिरीची तक्रार केली होती आणि मुलीचा ताबा मागितला होता.

मुलगी आताच का हवी, असे अध्यक्षांनी विचारले. ओंकार पोटच्या पोरीच्या ओढीविषयी बोलू लागला. त्याची दुसरी बायको नेहा मांडीवरचे मूल थोपटत होती. थकलेल्या माणसाच्या सरळपणाने ती मध्येच म्हणाली, “आमच्या दोघांच्याबी शिफ्ट हायत, मॅडम. बाळापाशी कुणीतरी पायजे ना घरी.”

ओंकारने तिला कोपराने ढोसले. स्वरूपाने त्या बाळाकडे पाहिले.

“गोजी,” ती पुटपुटली, “मग माझी शाळा?”

अध्यक्षांनी चष्मा काढला. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी एक फट उघडी ठेवली. डॉक्टरांचाच गैरसमज झाला, आपण आई असल्याचे कधी म्हटलेच नव्हते, एवढे गोजाबाईने सांगितले तर तक्रार इथेच संपेल. नाहीतर प्रकरण पोलिसांकडे जाईल आणि मुलगी तिच्यापाशी राहणे आणखी अवघड होईल. सावकाश सांगा, शब्दशः नोंदले जाईल, असेही त्या म्हणाल्या.

स्वरूपा गोजाबाईच्या तोंडाकडे बघत होती.

नोंद अशी आहे: “गैरसमज कुनाचा न्हाई झाला. डाक्टरनी इचारलं, हिची आई कोन, आन् पोर माझा हात धरून कन्हत व्हती. मी म्हनलं, मी हाय. खोटं बोलले, व्हय. पोरीम्होरं आता आई न्हाई असं म्हननार न्हाई. लिवा तसंच.”