चौतीस नंबरची नजर

आमच्या सरांना उत्कृष्ट मार्गदर्शक म्हणून पदक मिळालं होतं. शिष्य कसा घडवावा यावर ते ठिकठिकाणी व्याख्यानं देत; इतकी, की शिष्यांची गाठ पडत नसे. आठवड्यातून एकदा मात्र आवर्जून यायचे, फॉर्म भरून घ्यायला. 'माझे मार्गदर्शक माझं म्हणणं ऐकून घेतात' याला एक ते सात गुण द्यायचे. आम्ही गुण देत असताना सर समोर चहा पीत बसत. सातच पडायचे. एवढी एकमुखी भक्ती देवाच्याही वाट्याला येत नसेल.

माझं संशोधन खाण्याच्या आजारावर होतं; त्यात मुली स्वतःला जाड समजून जेवण टाकतात. उपचार घेणाऱ्या मुलीला तिचाच फोटो स्क्रीनवर दाखवायचा. बटण फिरवलं की फोटो रुंद किंवा अरुंद व्हायचा. "तू खरी जेवढी आहेस तेवढी कर," असं सांगायचं. मुली फोटो रुंदच करायच्या. म्हणजे नजर खोटी! कॉम्प्युटर तसा निकाल छापायचा, सर सही ठोकायचे आणि कागद मुलीच्या फाइलला लागायचा. तेहतीस मुलींची नजर अशी रीतसर खोटी ठरली. त्यात माझाही हात होता, देव क्षमा करो.

चौतीस नंबर म्हणजे एका शिंप्याची मुलगी. तिने बटणाला हातच लावला नाही.

"ताई, तुमचा गोल गोल नाहीये."

"कुठला गोल?"

"फोटोच्या आधी येतो तो. अंडं आहे ते, उभं."

"तू आधी फोटो बघ गं."

"आजारी आहे मी, कबूल. घरातला आरसा झाकून ठेवलाय, तेही कबूल. पण अंडं ते अंडं! आता फाइलमध्ये लिहिणार, हिची नजर खोटी. मग आई माझं एक तरी ऐकेल का?"

मी पट्टी लावली. उंची दहा, रुंदी नऊ. खालच्या या खोलीत जुना चौकोनी स्क्रीन होता. रुंद चित्र त्यात कोंबलं की आक्रसायचं. तुलनेसाठीच्या निरोगी मुली वरच्या मजल्यावर, नव्याकोऱ्या रुंद स्क्रीनपुढे बसायच्या. दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत तीन वर्षं हे कुणाच्याच दृष्टीला पडलं नव्हतं.

सर आले, तेव्हा मी चाचरत सांगितलं.

"बाळ, मशीन चुकत नसतं. पेशंट चुकतो. म्हणून तर तो पेशंट!"

"मग सर, एकदा तुमचा फोटो लावून बघू?"

पदक स्वीकारतानाचा फोटो सरांनी प्रत्येक कॉम्प्युटरवर ठेवायला लावलाच होता. स्क्रीनवर सर उमटले, शिडशिडीत, तरणेबांड.

"वा! हुबेहूब मी. बटण फिरवायची गरजच नाही."

"पदक चेपलंय हो काका," मागून चौतीस नंबर म्हणाली.

सर पुढे वाकले. पोटावर तडजोड चालली असती, पदकावर नाही. "छे, छे! माझं पदक चांगलं गोल आहे," म्हणत त्यांनी बटण फिरवलं. पदक गोल झालं. त्याच्यासोबत पोटही जागेवर आलं. कॉम्प्युटरने इमानाने छापलं: 'स्वतःला अकरा टक्के जाड समजतात. नजर अविश्वसनीय.'

मुलीने मग आपला फोटो लावून घेतला. बराच वेळ लागला तिला. निकाल आला चौदा टक्के.

"अकरा स्क्रीनचे," ती हळूच म्हणाली, "तीन माझे. तेवढ्यासाठी येतेच आहे मी इथे."

मी दोन्ही कागद सरांपुढे ठेवले. "सर, सही दोन्हींवर करायची, की एकावरही नाही?"

सर पेन उघडत राहिले, मिटत राहिले. शेवटी त्यांनी मुलीच्या कागदावरची 'नजर अविश्वसनीय' ही ओळ खोडली, वर 'स्क्रीन सदोष' लिहिलं आणि सही केली.

"काका, तुमचाही द्या की. आईला दोन्ही दाखवते."

मला वाटलं, आता भडकणार. सरांनी कागदाची घडी घातली आणि दिला.

मी आधीच्या तेहतीस मुलींना पत्रं लिहायला घेतली, चूक स्क्रीनची होती म्हणून. त्या आठवड्यात फॉर्म भरताना सर समोर बसले नाहीत. मी पाच गुण दिले. पहिल्यांदाच, मोजून.